आपल्या टीव्ही गेममधला मारिओ संथ का वाजायचा?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, किंवा शेजाऱ्यांकडे होता आणि उन्हाळ्याची सुट्टी तिथेच गेली, त्यांना मारिओची धून आजही पहिल्या दोन-तीन सुरांत ओळखता येते. पण तीच धून मूळ जपानी संचावर वाजलेली ऐकली, की आपल्याकडच्या अनेकांना काहीतरी खटकतं. सूर तेच असतात, पण घाई वाटते, मागे कुणीतरी लागल्यासारखी. काहींना आवाजाचा पोतसुद्धा परका वाटतो. मग आपणच स्वतःची समजूत घालतो की इतक्या वर्षांनी कानाला काय आठवणार, लहानपणचं सगळंच जरा वेगळं आठवतं.

मला हे पटत नाही. आठवण बरोबर आहे. आपल्या दूरदर्शनने घेतलेल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेल्या संचावर वाजणारी ती धून खरोखरच संथ होती, आणि पुष्कळ घरांत तिचा पोतही खरोखर वेगळा होता. हे कसं झालं ते कळायला जुन्या गेममधलं संगीत मुळात काय असायचं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

पाव सेकंदाच्या जागेत सगळा खेळ

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा संच जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ त्यावर १३ सप्टेंबर १९८५ ला आला. या गेमच्या कॅसेटमध्ये (आपण सगळे तिला कॅसेटच म्हणायचो, आत टेप नसली तरी) एकूण ४० किलोबाइट माहिती होती. त्यात ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं. सगळ्या लेव्हल, सगळे शत्रू, उड्या मारण्याचे नियम आणि संगीत त्या ३२ मध्येच.

सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सेकंदाला सुमारे १ लाख ७६ हजार बाइट खातं. म्हणजे मारिओची आख्खी कॅसेट रिकामी करून त्यात फक्त गाणं भरलं असतं, तरी पाव सेकंदसुद्धा मावला नसता. तेव्हा त्या कॅसेटमध्ये ध्वनिमुद्रण असणं शक्यच नव्हतं. मुलाला परगावी डब्यातून पुरणपोळी पाठवायची, की कागदावर तिची कृती लिहून पाठवायची, यात जो फरक आहे तोच इथे आहे. कॅसेटमध्ये फक्त कृती होती: अमुक सूर लाव, इतका वेळ धर, मग पुढचा. पोळी प्रत्येक घरात, प्रत्येक वेळी, त्या घरातल्या यंत्रावर नव्याने लाटली जायची.

पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं. कृती एक असली तरी तवा बदलला की पोळी बदलणारच.

पाच गळे

फॅमिकॉमच्या मुख्य चिपचं नाव रिको २ए०३. ध्वनी तयार करणारा भाग याच चिपच्या पोटात होता आणि त्याला पाच गळे होते. एका गळ्यातून एका वेळी एकच सूर निघायचा.

त्यातले दोन गळे अगदी एकसारखे. त्यांचा तरंग चौकोनी असतो: विजेचा दाब एकदम वर जातो, तिथे थोडा थांबतो, एकदम खाली येतो, तिथे थांबतो, पुन्हा वर. हे सेकंदाला जितक्या वेळा घडेल तितका सूर उंच. आता एका फेरीतला किती भाग ‘वर’ घालवायचा हे संगीतकाराला ठरवता यायचं. निम्मा वेळ वर ठेवला तर आवाज गोलसर आणि पोकळ येतो, बँडमधल्या क्लॅरिनेटच्या जवळ जाणारा. पाव वेळ वर ठेवला तर तो जास्त भरलेला आणि धारदार होतो. एक अष्टमांश ठेवला तर पातळ, नाकात बोलल्यासारखा. पाऊण वेळ हीसुद्धा एक सोय होती, पण ती कानाला पाव वेळेसारखीच लागते. म्हणजे निवडायला पोत तीनच, आणि आवाज लहान-मोठा करायला १६ पायऱ्या.

सूर कसा लागायचा तेही एकदा जवळून पाहू. या चिपचा ठोका सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार वेळा पडतो. प्रोग्रॅम चिपला एक आकडा देतो. त्या आकड्यात १ मिळवायचा, त्याला १६ ने गुणायचं आणि ठोक्यांच्या संख्येला त्याने भागायचं. येईल ती सुराची कंपनसंख्या. २५३ हा आकडा दिला तर उत्तर ४४०च्या किंचित वर येतं, आणि ४४० म्हणजे जगभर वाद्यं ज्यावर जुळवतात तो सूर. संगीतकाराच्या हाती पेटी नव्हती, तानपुरा नव्हता. असल्या आकड्यांची यादी हीच त्याची सरगम.

तिसरा गळा त्रिकोणी तरंगाचा, खालच्या पट्टीतला आणि मऊ. मंद्रातली चाल बहुतेक याच्याकडे असायची. त्याचा आवाज कमी-जास्त करता येत नसे, चालू किंवा बंद एवढंच. आणि त्रिकोण म्हटलं तरी तो सरळ उताराचा नव्हता, पायऱ्या-पायऱ्यांचा होता: एका फेरीत ३२ पायऱ्या, १६ उतरायच्या आणि १६ चढायच्या. त्या पायऱ्यांमुळे मऊ आवाजाच्या कडेला बारीकशी गुणगुण राहायची.

चौथा गळा नुसत्या खरखरीचा. या खरखरीची युक्ती मला फार आवडते. चिपमध्ये १५ घरांची एक रांग असते, प्रत्येक घरात ० किंवा १. शेवटची दोन घरं बघायची. दोन्हीत सारखं असेल तर ०, वेगळं असेल तर १, हा नवा आकडा रांगेच्या दुसऱ्या टोकाला घालायचा आणि सगळ्यांना एक घर पुढे सरकवायचं. बाहेर पडणारे ०-१ इतके विस्कळीत असतात की कानाला निव्वळ ‘खर्रर्र’ ऐकू येतं. पुनरावृत्ती होते ती ३२,७६७ पायऱ्यांनंतर. याच खरखरीचा अगदी छोटा तुकडा वाजवला की झांज, जरा रेंगाळू दिला की स्फोट. कॉन्ट्रामधले सगळे धमाके आणि मारिओच्या मागे वाजणारा ताल, दोन्हींचा उगम या १५ घरांत आहे.

पाचव्या गळ्याला खऱ्या ध्वनीचे छोटे नमुने वाजवता यायचे, पण ते जागा फार खात. पहिल्या मारिओत असा एकही नमुना नाही. १९८८च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये कॅसेट मोठी झाली तेव्हा त्याच्यातून ढोल वाजले.

कोंदो यांनी काय केलं

मारिओचं संगीत कोजी कोंदो यांचं. त्यांच्या हाती वरचे चारच गळे, आणि तेसुद्धा पूर्णवेळ नाहीत. मारिओ उडी मारतो तेव्हा तो ‘बुईंग’ आवाज चौकोनी गळ्यांपैकी एकातून येतो. नाणं घेतल्याचा आवाज दुसऱ्यातून. तेवढा वेळ तो गळा संगीत सोडून देतो, आणि काम झालं की पुन्हा धुनेत येऊन मिसळतो. लागोपाठ नाणी घेत पळताना नीट ऐकलं तर धुनेचा एक पदर मधेमधे नाहीसा होताना चक्क ऐकू येतो.

त्या नाण्याच्या आवाजात दोनच स्वर आहेत. पहिल्याला ‘सा’ धरलं तर दुसरा शुद्ध ‘म’. पहिला जेमतेम लागून जातो आणि दुसरा लांबून विरत जातो. बस. जगातल्या कोट्यवधी लोकांना ओळखता येणारा आवाज दोन स्वरांत उभा आहे.

अशी चाल बांधायची की तिचा एक धागा कुठल्याही क्षणी तुटला तरी ती ढासळणार नाही, आणि तीच चाल एखादा मुलगा दिवसातून शंभरदा ऐकणार आहे हे धरून ती कंटाळवाणी होऊ द्यायची नाही. मारिओच्या धुनेचे तुकडे छोटे आहेत, अधल्यामधल्या ठोक्यांवर पडणारे आहेत, त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा आहेत. एक तुकडा तोंडपाठ होईतो दुसरा येतो आणि मग पहिला परततो. आपल्या चांगल्या भावगीतांत ध्रुपद जसं परत येऊन आधार देतं, तसंच काहीसं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ही धून घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

थोड्या गळ्यांतून जास्त काढण्याच्या युक्त्या सगळीकडेच चालू होत्या. दुसऱ्या चौकोनी गळ्यातून तीच चाल थोडी उशिरा आणि हळू वाजवली की प्रतिध्वनी तयार. एका गळ्यात तीन सूर एकदम लावता येत नाहीत, मग ते तिन्ही एकामागून एक इतक्या झपाट्याने फिरवायचे की कानाला तो एकच थरथरता सुरसमूह वाटावा. जुन्या गेमच्या संगीतातला तो ओळखीचा ‘टिरीरीरी’ म्हणजे हीच युक्ती, आणि ती सर्वांत जास्त रंगली कमोडोर ६४ या संगणकावर.

तो संगणक १९८२चा. त्याची ध्वनीची चिप, सिड, बॉब यानेस या अभियंत्याने आखली होती. गळे तीनच, पण प्रत्येकाला चार प्रकारचे तरंग, सूर कसा उमलावा आणि कसा विरावा यावर ताबा, आणि वरून एक फिल्टर. हे संगीतवाद्याचं सामान होतं. इंग्लंडमध्ये रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांनी या चिपमधून जे काढलं ते ऐकायला आजही लोक मुद्दाम बसतात. या चिपमध्ये एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली की बारीक ‘टक्’ व्हायचं. संगीतकारांनी ती पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलली, आणि त्या टक्-टकीतून नोंदवलेले ढोल आणि माणसाचे शब्द वाजवून घेतले. पुढे कंपनीने चिपची सुधारित आवृत्ती काढली आणि दोष जवळपास नाहीसा केला. त्याबरोबर नव्या संगणकांवर ते ढोल ऐकू येईनासे झाले. प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

टीव्ही हाच ताल धरणारा

आता वेगाकडे येऊ.

चिपला सूर लावता येतो, पण पुढचा सूर कधी लावायचा हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. फॅमिकॉमच्या बहुतेक गेममध्ये हे काम टीव्हीच्या चित्राच्या तालावर चालायचं. टीव्हीवर एक चित्र रेखाटून झालं की प्रोग्रॅमला इशारा मिळतो. त्या इशाऱ्यावर मारिओ एक पाऊल सरकतो, शत्रू सरकतो, आणि संगीताचा भाग बघतो की चालू सुराचे किती इशारे उरले आहेत. शून्य झाले की पुढचा सूर. प्रोग्रॅमला घड्याळातले सेकंद कळतच नाहीत. त्याला फक्त चित्रं मोजता येतात.

हा धागा जुना आहे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खालच्या पट्टीतले चार सूर गोल गोल फिरत राहतात, आणि परग्रहवासी कमी होत गेले की त्यांचा वेग वाढतो. शत्रू कमी उरले की यंत्राला काम कमी, म्हणून उरलेले झपझप सरकतात. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढवणारा तो वेग यंत्राच्या कामाच्या भाराशी बांधलेला होता.

जपानमध्ये आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटायचा. भारतात दूरदर्शनने पाल पद्धत घेतली होती, तिच्यात ५० वेळा. जो गेम ६० इशाऱ्यांचा हिशोब धरून लिहिला आहे तो जसाच्या तसा ५० इशाऱ्यांच्या संचावर चालवला, तर सगळंच एक षष्ठांशाने संथ होतं. जपानमध्ये दीड मिनिट चालणारा संगीताचा तुकडा आपल्याकडे १ मिनिट ४८ सेकंद चालणार. मारिओची उडीही जरा तरंगत येणार, गोळ्याही जरा सावकाश. युरोपसाठी निन्टेन्डोने काही गेम ५० चित्रांच्या हिशोबाने पुन्हा बेतले. आपल्या बाजारातल्या एकात अनेक गेम भरलेल्या कॅसेटींमध्ये मात्र प्रामुख्याने जपानी गेमच्या नकला होत्या, साठच्याच हिशोबाच्या.

काळ्या ठिपक्याखालची चिप

भारतात निन्टेन्डोचा संच ‘समुराई’ या नावाने विकला गेला, पण मध्यमवर्गीय घरांत पोचले ते मुख्यतः फॅमिकॉमचे नकली संच. राखाडी-पांढरा डबा, दोन रिमोट, बंदूक, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी किंवा काळी कॅसेट. यादी खाली खाली नेली की तेच गेम वेगळ्या नावांनी पुन्हा यायचे, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे जास्त जीव देऊन. कॉन्ट्रा, बॉम्बरमॅन, सर्कस चार्ली, रोड फायटर, रणगाड्यांचा बॅटल सिटी, कुऱ्हाड फेकणाऱ्या मुलाचा अ‍ॅडव्हेंचर आयलंड. पुण्यात, सांगलीत, अकोल्यात, मडगावात, सगळीकडे हीच यादी.

या संचांत मूळ रिको कंपनीची चिप नसायची. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी तिच्या नकला बनवल्या होत्या. पुढे सगळा संच एकाच चिपमध्ये मावू लागला, आणि ती चिप काळ्या लाखेसारख्या ठिपक्याखाली झाकून टाकलेली असायची. ज्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो डबा उघडला असेल त्यांना तो ठिपका आठवत असेल.

यूएमसीने पाल देशांसाठी बनवलेली चिपची जोडी हुशारीने बनवली होती. चित्रं सेकंदाला ५०च, पण ध्वनीचा ठोका मूळ जपानी चिपच्या अगदी जवळ ठेवला: १७ लाख ९० हजारांच्या जागी सुमारे १७ लाख ७३ हजार. याचा परिणाम मजेशीर आहे. ठोका जवळपास तोच, म्हणून सूर जवळपास तेच. फरक एका अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याइतका, तोही उतरता. ताल मात्र चित्रांवर, म्हणून वेग सरळ एक षष्ठांशाने कमी. टेप हळू फिरवली तर आवाज घोगरा होतो, तसं इथे झालं नाही. त्याच सुरात, तीच धून, विलंबित लयीत गायल्यासारखी झाली. रशियात ‘डेंडी’ नावाने विकल्या गेलेल्या संचावर एक आख्खी पिढी अशाच लयीत वाढली. आपल्या आठवणीतला संथ मारिओ, सुराला पक्का असूनही संथ, या वर्णनाशी तंतोतंत जुळतो.

पोताचं कोडं याहून नाजूक आहे. मघाशी सांगितलं की चौकोनी गळ्यांना निम्मा वेळ, पाव वेळ असे पोत निवडता येतात. अनेक नकली चिपांमध्ये या दोन निवडींची अदलाबदल झालेली होती. संगीतकाराने धारदार पोत मागितला की चिप पोकळ द्यायची, आणि पोकळ मागितला की धारदार. सूर चुकत नाही, ताल चुकत नाही, म्हणून कारखान्यात कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. पण ज्याने पाच वर्षं तोच संच ऐकला त्याच्या कानात ती अदलाबदल कायमची बसली. असा माणूस आज मूळ फॅमिकॉम ऐकतो तेव्हा त्याला तो परका वाटणार, आणि तो बरोबरच असणार.

कोंदो यांनी जे लिहिलं आणि आपण जे ऐकलं, त्यात हे असं अंतर आहे. मला स्वतःला आपलं रूप कमी दर्जाचं वाटत नाही. कृतीतून वाजणाऱ्या संगीताला वेगवेगळी घरं मिळाली की त्याची घराणी होणारच.

शाळेतला संगणक

टीव्ही गेमइतकं नाही, पण संगणकाच्या वर्गातलं संगीतही काहींच्या मनात आहे. १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यात तीन सुरांचे गळे आणि एक खरखरीचा, अशी चिप होती. नंतरच्या पीसींमध्ये बहुतेकदा साउंड कार्ड नसायचं. आतला एकुलता एक स्पीकर, त्याला एका वेळी एकच सूर. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तल्या तलवारींची खणखण आणि ‘डेंजरस डेव्ह’ची टुणटुण आपण त्यातूनच ऐकली. ज्यांच्या मशीनमध्ये अ‍ॅडलिब किंवा साउंड ब्लास्टरसारखं साउंड कार्ड होतं त्यांनी त्याच प्रिन्सचं भरगच्च संगीत ऐकलं. एकच गेम आणि दोन मुलांच्या दोन आठवणी.

कानात इतकं घट्ट का बसलं

माणसाला आयुष्यातल्या आठवणींपैकी साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या जास्त आणि ठसठशीत आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. टीव्ही गेमचं वय त्या पट्ट्याच्या सुरुवातीला पडतं. ते एक कारण झालं, पण ते सिनेमाच्या गाण्यांनाही लागू आहे.

गेमच्या संगीताचं वेगळेपण असं, की ते ऐकताना हात बसलेले नसतात. तुम्ही मरता आणि धून पहिल्यापासून सुरू होते. जास्त पुढे गेलात तरच धुनेचा पुढचा भाग ऐकू येतो. म्हणजे संगीत ऐकणं आणि खेळात टिकून राहणं ही एकच क्रिया होऊन बसते. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की गेम खेळत असताना मेंदूत डोपामिन स्रवतं; बक्षिसाची ओढ आणि शिकणं यांच्याशी जोडलेलं हे रसायन. अशा अवस्थेत शेकडो वेळा ऐकलेली चाल, तीही कमीत कमी सुरांची आणि सहज गुणगुणता येणारी, विसरायची कशी?

आणि ती सहज गुणगुणता येते ती गळे थोडे असल्यामुळेच. शंभर वाद्यांचा ताफा हाताशी असला की वातावरण उभं करून भागतं. दोन चौकोनी गळ्यांत वातावरण उभं राहत नाही, तिथे चालच चांगली लागते. आजच्या कितीतरी मोठ्या गेमचं संगीत भव्य आहे, ऐकताना अंगावर येतं, पण खेळ संपल्यावर ओठांवर येत नाही. जुन्यातलं सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही; त्या ‘९९९९ इन १’मध्ये कान किटवणारे गेमही भरपूर होते. पण चांगले होते ते चालीच्या जोरावर चांगले होते.

आपला आवाज कोण जपणार

मूळ फॅमिकॉमच्या आवाजाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. निन्टेन्डो स्वतः जुने गेम नव्या संचांवर पुन्हा देते. हौशी लोक सिडच्या ५० हजारांहून अधिक रचना एका संग्रहात सांभाळून आहेत, आणि त्या रचना ध्वनिमुद्रणं म्हणून न ठेवता मूळ कृती म्हणूनच ठेवल्या आहेत. तरीही एकूण चित्र बरं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की तिथे २०१०च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत.

आपल्या नकली संचांना तर कुणी वालीच नाही. मूळ कंपनी ते आपले मानणार नाही, आणि बनवणारे बाजारातून केव्हाच गेले. अधिकृत पुनर्प्रकाशनं ६० चित्रांच्या वेगाने चालतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलांनी ऐकलेला मारिओ हा आज फक्त माळ्यावरच्या डब्यांत आणि आपल्या डोक्यात आहे.

तो आवाज परत ऐकण्याचा एक मार्ग आहे. फॅमिकॉमची नक्कल करणारे मेसेनसारखे जे चांगले इम्युलेटर आहेत, त्यांत प्रदेश म्हणून ‘डेंडी’ निवडता येतो. वेग लगेच ५०वर येतो आणि सूर जागेवर राहतात. ध्वनीच्या सेटिंगमध्ये चौकोनी गळ्यांच्या पोताची अदलाबदल करण्याचीही सोय आहे, खास जुन्या नकली संचांसाठी ठेवलेली. कुणा कार्यकर्त्याला हा बारकावा जपावासा वाटला, याचं मला फार बरं वाटतं. दोन्ही बदल करून एकदा ऐका, मग फक्त वेगाचा बदल ठेवून ऐका. ज्यावर मान आपोआप डोलेल तो तुमच्या घरचा संच. गेमवर हक्क अजून कंपन्यांचे आहेत, तेव्हा ज्याची कॅसेट तुमच्याकडे आहे त्यावरच हा प्रयोग करावा.

आणि माळ्यावर खरा डबा असेल तर त्याहून चांगलं. चालू करण्याआधी अडॅप्टरचा दाब आणि अधिक-उणे बाजू संचावर लिहिल्याप्रमाणे आहेत ना ते तपासा. हाताला लागेल तो अडॅप्टर लावून पुष्कळ संच जळले आहेत. कॅसेटच्या पिनांवर फुंकर मारू नका, ओलाव्याने त्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. मग एव्ही वायरने आवाज रेकॉर्ड करा. मारिओची पहिली लेव्हल सुरू करून रिमोटला हात न लावता धून पूर्ण फिरू द्या, नंतर दोन-चार नाणी घ्या. डब्यावरचं नाव, आतली चिप दिसत असेल तर तिचा क्रमांक, आणि काळा ठिपका असेल तर तसं, एवढं सोबत लिहून ठेवा.

आपला संच ५०चा की ६०चा हे ओळखायला घड्याळ पुरतं. पहिल्या लेव्हलमध्ये वर उजवीकडे वेळ ४०० पासून उतरायला लागतो. तो आकडा दर २४ चित्रांनी एकाने कमी होतो. ४०० वरून ३०० वर यायला जपानी वेगाने ४० सेकंद लागतात. आपल्याकडे ४८ लागले, तर लहानपणी ऐकलेला तो संथ मारिओ तुमच्या डब्यात अजून आहे.